नावापुढची तीन अक्षरं

३ सप्टेंबर, मंगळवार

एलोडीने आज मला सगळ्यांसमोर विचारलं — "नॅनन, तुझं लायसन्स चालू आहे ना?"

बरं, सगळ्यांसमोर नाही. चर्चच्या हॉलच्या मागच्या बाजूला, कॉफीच्या किटलीपाशी, हळू आवाजात. पण विचारलं! बाप्तिस्म्याला जिला मी हातांवर धरून उभी होते, आई गेल्यावर जिच्या वेण्या मी घातल्या, जिची मी नॅनन, म्हणजे धर्ममाता, ती माझी मानसकन्या मला लायसन्स विचारते! मी म्हटलं, "चौतीस वर्षं बाळगलंय मी लायसन्स. तुझं अजून यायचंय, बाई." कपात साखर ढवळत राहिली. एरवी ती साखर घेत नाही.

खोटं काय बोलले मी? चौतीस वर्षं बाळगलं, हे खरंच आहे. आज आहे की नाही, ते मी सांगितलंच नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमेना अशा उत्तराला 'शिवण उसवलेलं सत्य' म्हणायची आणि हातावर पट्टी मारायची.

एप्रिलअखेर संपलं ते, फिजिओथेरपिस्टच्या सहायकाचं लायसन्स. मी मुद्दाम संपू दिलं! निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी राज्याच्या बोर्डाला माझ्याकडून पुन्हा अभ्यासक्रमाचे तास हवेत, वर कायद्याची परीक्षा हवी. पहिला धडा लावला तर पडद्यावर एक पोरगेली बाई — दात पांढरेशुभ्र — मला सांगते, रुग्णाच्या कमरेचा पट्टा कसा धरायचा. मला! तिचा जन्म व्हायच्या आधी मी या गावातली अर्धी म्हातारी माणसं पट्ट्याला धरून उभी केली आहेत. लॅपटॉप मिटला तो मिटलाच.

वर्ग छान झाला. मंगळवारची प्रार्थना आटोपली की म्हातारे-म्हाताऱ्या हॉलमध्ये येतात. खुर्चीतून उठणं, चालणं, मग स्टेजच्या पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चांगले वर जातात, वाईट खाली — कॉन्व्हेंटमधून आलेल्या बाईला हे वेगळं पाठ करावं लागत नाही!

८ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या पत्रकात छापून आलं: 'तोल सांभाळण्याचा वर्ग — मिस रोझली लँड्रेनो, पी.टी.ए.; मदतीला एलोडी फ्रूजे.' छान ठळक. पी.टी.ए. — फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट. यूना मे चर्चच्या ऑफिसात बसते, पत्रक तीच काढते. तिला मी फक्त नाव दिलं होतं... नाही. अक्षरंही दिली होती. कागदावर लिहून दिली होती.

एलोडी जेवायला होती. भात, ग्रेव्ही, भेंडी. पत्रक वाचून म्हणाली, "नॅनन, अक्षरं काढून टाकूया का? नुसतं नाव पुरे. सगळे ओळखतातच तुला."

"का? लाज वाटते का अक्षरांची?"

"लाज नाही गं. व्यायामाचाच तर वर्ग आहे."

"फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली उभ्या जन्माची हमाली करून मिळवलीत ती अक्षरं. डॉक्टर मरतो तेव्हा थडग्यावर डॉक्टर लिहितात. मग मी काय मेल्यावर नुसती रोझली?"

हसली. मग भांडी घासायला उठली. तिची राष्ट्रीय परीक्षा पहिल्याच फटक्यात सुटली, आता राज्याचं लायसन्स आलं की चार नोव्हेंबरला वृद्धाश्रमात रुजू. त्यांनी लायसन्सच्या अटीवर जागा धरून ठेवली आहे. माझ्याच जुन्या वृद्धाश्रमात! माझ्याच कपाटात तिचे बूट राहतील. आणि ती मला अक्षरं काढ म्हणते.

शिकलेल्या पोरींना मोठ्या माणसांचा मान कळत नाही. त्यांना फक्त नियम कळतात.

१० सप्टेंबर, मंगळवार

मिस्टर अल्सीड पडले.

नीट लिहिते. मिस्टर अल्सीड फ्यूझेलिए, वय ऐंशीच्या वर, वसंतात खुबा बदललेला, नातीच्या लग्नात नाचायचंय म्हणून दर मंगळवारी पहिले हजर. आल्या आल्या म्हणाले, "मिस रोझली, आज स्टेजवर चढवा मला, मग आपण दोघं एक चक्कर नाचू, लोकांना बोलू दे." मी म्हटलं, "आधी चढा, मग वाह्यातपणा." सगळे हसले.

एलोडीने त्यांची नाडी बघितली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "नॅनन, आज थांबूया. त्यांचा रंग बघ. हात गार आहेत."

"त्यांचा रंग जन्मापासून तसाच आहे. कॉफीच्या दिवशी कॉफी आणि चढायच्या दिवशी चढायचं."

"नॅनन, थांबूया ना."

पुन्हा म्हणाली. हे लिहायलाच हवं, दुसऱ्यांदा म्हणाली. आणि मी तिच्या हातात पट्टा दिला, आणि वेदीवरच्या फुलांचं काही बोलायला यूना मेकडे वळले. फुलांचं!

पायऱ्या अर्ध्या चढले आणि गुडघे मिटले त्यांचे. आवाज झाला नाही. एलोडीने पट्टा सोडला नाही. स्वतः खाली बसत, आपल्या मांडीवरून त्यांना जमिनीवर उतरवलं, जसं पुस्तकात असतं तसं. पुस्तकात असतं, पण मी ते इतकं सुंदर कुणाला करताना पाहिलेलं नाही. माझ्यासकट. त्यांचं मनगट तेवढं कठड्याला लागलं, टम्म सुजलं.

दवाखान्यात कळलं — रक्तदाबाची गोळी नवी, सकाळपासून पोटात पाणी नाही. रंग जन्मापासून तसा नव्हता.

११ सप्टेंबर, बुधवार

अल्सीडची मुलगी डार्ला ह्यूस्टनहून आली. फोन केला. "पप्पांना कोण धरून होतं?" मी म्हटलं, एलोडी. खोटं काहीच नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

खोटं काहीच नाही!! दिवसभर हेच. पावाला लोणी लावताना हेच.

२० सप्टेंबर, शुक्रवार

बोर्डाचं पत्र. एक मला, एक एलोडीला.

मला: तुमचं लायसन्स एप्रिलमध्ये संपलं असताना तुम्ही नावापुढे पी.टी.ए. लिहून वर्ग घेता, अशी तक्रार आहे. सोबत पत्रकाची झेरॉक्स. अक्षरांभोवती कुणीतरी पेनाने गोल केला आहे. व्यवस्थित गोल, जसा शिक्षक चुकीच्या स्पेलिंगभोवती करतो.

तिला: तुम्ही लायसन्सशिवाय रुग्णावर काम केलंत, अशी तक्रार आहे. निकाल लागेपर्यंत तुमचा अर्ज थांबवला आहे.

थांबवला आहे.

डार्लाच! दुसरं कोण? ह्यूस्टनमध्ये राहून माणसं अशी होतात. बापाला वर्षातून दोनदा भेटायचं आणि बाकीचे दिवस बोर्डाला पत्रं लिहायची. मी ताडकन फोन लावला. "डार्ला, तुझ्या आईचे पाय मी चोळलेत!" ती म्हणाली, "हो मिस रोझली. मी विसरले नाही. मी फक्त विचारलं होतं बोर्डाला, तिथे जबाबदार कोण असतं. ते म्हणाले, त्या नावाचं लायसन्सच नाही." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

एलोडीचा फोन आला. मला वाटलं आता विचारेल — संपलं होतं, तर सांगितलं का नाहीस? विचारलं नाही. म्हणाली, "नॅनन, जेवलीस का?"

२२ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर यूना मे धावत आली. तिला गावातलं सगळं आधी कळतं. पत्राचं पाकीट माझ्या आधी तिने पोस्टात बघितलं असलं तरी मला नवल नाही.

"अगं रोझली, हे काय ऐकते मी? त्या अक्षरांवरून?"

"त्याच अक्षरांवरून."

"पण त्याचा बोर्डाशी काय संबंध? शाळेतल्या पालक-शिक्षक संघाची कुणी का असेना!"

मला काही कळेना. मग कळलं. पालक-शिक्षक संघालाही तीच तीन अक्षरं. यूना मेला इतकी वर्षं वाटत होतं, मी शाळेच्या पालक संघात आहे! मी — जिने लग्न केलं नाही, जिला मूल नाही!

"तुला काय वाटलं, कुणाची पालक मी?"

"एलोडीची," ती म्हणाली. अगदी साधेपणाने. "आणि नाताळचा केक-विक्रीचा स्टॉल तू किती वर्षं सांभाळलास. मला वाटलं, त्याच्यासाठी."

हसायला हवं होतं. रडूही आलं नाही. चौतीस वर्षं मी ती अक्षरं पदकासारखी मिरवली आणि हे गाव मला केक विकणारी बाई समजत होतं!

मग यूना मेचे डोळे चमकले. "अगं, मग सोपं आहे! मी बोर्डाला लिहून देते. पत्रक मी काढते, अक्षरं मी छापली, मला पालक संघच वाटला. देवाशपथ खरंय ते. तू खाली सही कर, की वर्गात तू कधी फिजिओची सहायक म्हणून उभी नव्हतीस. नुसता व्यायाम. मिटलं!"

मी म्हटलं, बघते.

२३ सप्टेंबर, सोमवार

केली सही.

तिचा मजकूर दोन परिच्छेद: अक्षरं तिला पालक संघाची वाटली, आणि मी वर्गात फिजिओची सहायक म्हणून कधी उभी नव्हते. खाली मी लिहिलं: 'वरील खुलासा मला मान्य आहे.' मान्य आहे! खरा आहे असं नाही लिहिलं. सिस्टर फिलोमेनाला कबरीत सुद्धा पट्टी उचलावीशी वाटली असेल.

यूना मे लिफाफ्याला जीभ लावत म्हणाली, "बघ, आता हा विषय संपला. जेवायला बूदँ सॉसेज आणलंय, गरम आहे." मी दोन खाल्ली. मसाला जास्त होता. खाल्ली.

२८ सप्टेंबर, शनिवार

एलोडीला न सांगता बोर्डाची कायद्याची परीक्षा उघडली. घरबसल्या देता येते. म्हटलं, ही देऊन टाकते, तास पुरे करते, लायसन्स पुन्हा घेते, मग कुणाची टाप आहे!

नापास.

पुन्हा दिली. पुन्हा नापास.

प्रश्न असे — रुग्णाचा चेहरा आज वेगळा दिसतो, सहायकाने काय करावं? रुग्ण म्हणतो मला पुढचा व्यायाम द्या, सहायकाने काय करावं? मी प्रत्येक ठिकाणी, मी जे केलं असतं ते टिचकवलं. त्याला धीर द्या. हळूहळू पुढे न्या. अनुभवावरून ठरवा. सगळी चूक. बरोबर उत्तर दरवेळी एकच — थांबा. थेरपिस्टला कळवा. चेहरा वेगळा: थांबा, कळवा. वेदना वाढली: थांबा, कळवा. सहायकाच्या सगळ्या धंद्याचा कायदा एका शब्दात मावतो, आणि तो शब्द त्या दिवशी एलोडी माझ्याशी दोनदा बोलली होती.

मी आयुष्यभर किती वेळा थांबले नाही? कुणी पडलं नाही, म्हणून मला वाटायचं मी हुशार.

२९ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. पाय दुखतो असं कळवलं. दुखत नव्हता.

८ ऑक्टोबर, मंगळवार

वर्ग बंद. हॉलला कुलूप. म्हातारे बाहेरच्या बाकावर बसून माझी चौकशी करत होते म्हणे. अल्सीड मनगटाला पट्टी बांधून आले होते. "पोरीला सांगा, पडलो तर पुन्हा तिच्याच मांडीवर पडेन," असा निरोप.

संध्याकाळी एलोडी आली. गंबोच्या रश्श्याचं पातेलं घेऊन. ते शेगडीवर ठेवलं, आणि मग पिशवीतून पत्र काढलं.

बोर्डाच्या चौकशीवाल्याने तिला विचारलं होतं, तिथे तुमच्यावर देखरेख कुणाची होती? ती म्हणाली, माझ्या नॅननची, ती पी.टी.ए. आहे. त्याने तिच्यापुढे माझी सही ठेवली. ह्यात तर त्या म्हणतात, त्या कधी तशा उभ्याच नव्हत्या. मग देखरेख कुणाचीच नव्हती — तुम्ही स्वतःच्या मनाने रुग्णाला हात लावलात आणि आता मृदू मनाच्या म्हातारीवर ढकलता आहात.

'म्हातारी' बोर्डाचा शब्द नाही, माझा आहे. पण अर्थ तोच.

चोवीसला तिला बोर्डासमोर हजर राहायचं आहे. अर्ज नाकारला गेला तर नोकरी गेली, शिवाय जन्मभर प्रत्येक राज्यात प्रत्येक अर्जावर लिहावं लागणार — हो, मला एकदा नाकारलंय. हो, खोटं बोलल्याबद्दल.

ती भांडली नाही. वाडगे मांडले, भात घातला, वरून गंबो. म्हणाली, "नॅनन, ते पालक संघाचं... तुला तसं लिहावं लागलं असेल. मला कळतं."

"तुला काय कळतं?"

"की तुला किती लाजिरवाणं झालं असेल."

मी चमचा खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्यास तर खाल्लं असतं मी, पोरी.

९ ऑक्टोबर

तिची आई मरताना मला काय म्हणाली? 'हिला सांभाळ' असं नाही म्हणाली. म्हणाली, "हिला लाज वाटेल असं काही करू नकोस." त्या वेळी मला राग आला होता. मी असं काय करणार होते?

१३ ऑक्टोबर, रविवार

फादर व्हिन्हकडे कबुलीला गेले. सगळं सांगितलं. जाळीपलीकडून त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिस रोझली, माझ्याकडून क्षमा मिळेल. पण तुम्ही चुकीच्या खिडकीशी आला आहात."

तरुण आहेत. पण कधी कधी बरोबर बोलतात.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बोर्डाला फोन केला. म्हटलं, मला चोवीसला बोलायचं आहे. पलीकडच्या बाईने विचारलं, "आपण कोण?" जीभ सवयीने वळलीच — रोझली लँड्रेनो, पी — आणि थांबले.

पहिल्यांदाच थांबले, वाटतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

घरी आलेय. बूट काढलेत. आता लिहिते, नाहीतर उद्या मी ते स्वतःला बरं दिसेल असं लिहीन.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बोर्डाच्या अध्यक्षबाई आखूड केसांच्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान. एलोडी निळ्या ड्रेसमध्ये, मीच शिवून दिलेला. मला बघून दचकली. तिला मी येते म्हणून सांगितलं नव्हतं. तिने मला डोळ्यांनी 'नको' म्हटलं. चक्क मान हलवली. मी बघितलं न बघितलं केलं.

शपथ दिली. मग बोलले. लायसन्स एप्रिलमध्ये संपलं. मी ते रागाने संपू दिलं. त्यानंतरही अक्षरं लावली, मी स्वतः लिहून दिली. एलोडीने मला विचारलं होतं, चालू आहे का, आणि मी तिला असं उत्तर दिलं की तिला 'आहे' वाटावं. पायऱ्या चढवा असं मी सांगितलं. ती दोनदा थांबूया म्हणाली. मी तिच्या हातात पट्टा देऊन फुलांचं बोलायला गेले.

अध्यक्षबाईंनी कागद वर धरला. "मग ही सही?"

"माझी."

"ह्यात लिहिलंय, ती अक्षरं पालक-शिक्षक संघाची समजली गेली."

"समजली गेली, हे खरं आहे. यूना मे तेच समजत होती. मी समजत नव्हते. ते पत्र तिच्यापुरतं खरं आणि माझ्यापुरतं खोटं आहे."

कुणीतरी खोकलं. एका सदस्याला हसू आवरलं नाही. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी पिऊ लागला. जीभ नसली, तरी नजर शिल्लक आहे!

मग त्यांनी विचारलं, "चौतीस वर्षांत तुमच्याविरुद्ध एक तक्रार नाही. मग नूतनीकरण का नाही केलंत? नुसता धडा तर होता."

काय सांगणार? त्या बाईचे दात फार पांढरे होते, असं? म्हटलं, "मला शिकायचं नव्हतं, मॅम."

नंतर एलोडी. उजवा हात वर, शपथ. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मिस फ्रूजे, एकच प्रश्न. तुमच्या नॅननचं लायसन्स संपलंय, हे तुम्हाला माहीत होतं का?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"नाही, मॅम. माहीत नव्हतं."

स्पष्ट. एका दमात. शाळेत पाठांतर म्हणायची तशी. मला तिचा काय अभिमान वाटला! म्हटलं, बघा, हिला म्हणतात खरं बोलणं. ह्या पोरीला मी वाढवलंय.

निकाल: एलोडीचा अर्ज मंजूर, लेखी समज देऊन. देखरेख करणाऱ्याबद्दल नवख्या मुलीची दिशाभूल झाली, असं नोंदवलं. माझं नाव बोर्डाच्या वार्तापत्रात छापणार, गुन्ह्यासकट. अक्षरं वापरायची नाहीत. वर्षानंतर हवं तर पुन्हा अर्ज — सगळे तास, आणि कायद्याची परीक्षा.

गाडीत ती चालवत होती. मी म्हटलं, "आता वाट्टेल तेवढी चिडू शकतेस."

"नाही चिडत," ती म्हणाली. आणि रस्ताभर रडत होती. मला वाटलं, सुटकेचं रडू आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

यूना मेची माफी मागितली. ऑफिसच्या दारात, पत्रकांच्या गठ्ठ्यांत. तिला शपथेवर खोटं ठरवलं म्हणून.

"मी खोटी कशी ठरले?" ती म्हणाली. "मी तर खरं तेच लिहिलं होतं. मला खरंच पालक संघ वाटला होता. तूच एकटी खोटी होतीस, रोझली."

आणि मग, माझा चेहरा बघून, "नाताळच्या स्टॉलला येशील ना? तुझे पेकानचे केक नसतील तर लोक मला मारतील." जाईन.

वार्तापत्र अजून आलेलं नाही, पण बातमी आधीच पोचलीय. दुकानात लोक माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलतात. तोंडावर थुंकले असते तर पुसता आलं असतं.

३० ऑक्टोबर, बुधवार

आलं! एलोडीचं लायसन्स आलं! फोनवर किंचाळली. मी किंचाळले. शेजारचा कुत्रा भुंकला.

सोमवारी रुजू. माझा जुना कमरेचा पट्टा तिला धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. बकल घट्ट आहे अजून.

१ नोव्हेंबर, शुक्रवार — सर्व संतांचा दिवस

एलोडीच्या आईचं थडगं आम्ही दरवर्षी आजच्या दिवशी चुन्याने रंगवतो. ऊन कोवळं होतं. मी फुलं लावली, ती ब्रश फिरवत होती. मध्येच हात पुसून तिने फोन पुढे केला. "नॅनन, बघ! बोर्डाच्या साइटवर कुणाचंही नाव टाकलं की दिसतं. हिरवं म्हणजे चालू." तिचं नाव, हिरवं. मी वाचलं, पुन्हा वाचलं.

"आणि संपलेलं?"

"लाल. तुझं लाल दिसायचं."

दिसायचं. दिसलं नव्हे.

तिच्याही लक्षात आलं. ब्रश बादलीत बुडवला, निथळवला, बराच वेळ निथळवला.

"कधीपासून?"

"मेपासून."

"मग मला बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की, नॅनन. कॉफीपाशी." आणि मग, थडग्याकडे तोंड करून, "तुला सांगायचं असतं तर सांगितलं असतंस."

मी तिच्या उजव्या हाताकडे, शपथेला वर केलेल्या त्या हाताकडे, बघत राहिले. त्यात ब्रश होता. बोटं चुन्याने पांढरी झाली होती.